सेवेच्या तासांची वही

विद्यापीठाने तरुणांना पुस्तकाबाहेर काढावे, अनोळखी घरांची दारे ठोठावायला लावावे, एखाद्या कामाची धुरा त्यांच्या खांद्यावर द्यावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात त्यासाठी राष्ट्रीय सेवा योजनेचा विभाग आहे, विद्यार्थी विकास विभाग आहे; राज्यातील इतर विद्यापीठांतही अशीच व्यवस्था आहे. वाद आहे तो निराळा. तरुण जी सेवा करतो ती अखेरीस कोणाच्या खात्यावर जमा होते, हा तो वाद. तो मी मुद्दाम आपल्या कॅथलिक कुटुंबांपुढे मांडत आहे, कारण या हिशेबात आपण केवळ प्रेक्षक नाही, भागीदार आहोत.

राष्ट्रीय सेवा योजना एका रात्रीत निघालेला सरकारी उपक्रम नव्हे. स्वातंत्र्यानंतर लगेच डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांच्या राष्ट्रसेवेचा विचार मांडला, आणि ती ऐच्छिक असावी असे सुचवले. १९५९ मध्ये आपले चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने उलट कौल दिला. शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची सेवा असावी, असे त्या समितीचे म्हणणे होते. मग के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील प्रयोगांचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये पुन्हा ऐच्छिकतेचा आग्रह धरला. कोठारी आयोगानेही हा विषय हाताळला. अखेर गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन योजनेचा आरंभ केला. आज देशभरातील स्वयंसेवकांची संख्या चाळीस लाखांच्या घरात आहे.

एवढी वर्षे विद्वानांनी ज्या प्रश्नावर खल केला तो प्रश्न होता सक्ती की स्वेच्छा. सक्तीची बाजू मागे पडली, स्वेच्छेची स्वीकारली गेली. पण त्या स्वेच्छेच्या घरात मागल्या दाराने एक तिसराच पाहुणा येऊन बसला आहे. त्याचे नाव मोबदला.

नियम असा आहे की स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास द्यावेत. वर्षाला १२०, त्यांतील २० तास प्रशिक्षणाचे, १०० प्रत्यक्ष कामाचे. याखेरीज दत्तक घेतलेल्या गावात वा वस्तीत सात दिवसांचे विशेष शिबिर. योजनेचे बोधवाक्य चांगले आहे: मी नव्हे, तुम्ही. बोधचिन्ह कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथचक्रावरून घेतलेले. त्यातील आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवक अष्टौप्रहर सेवेस सज्ज. आता एक साधे गणित करून पाहावे. चिन्ह अष्टौप्रहरांचे, हिशेब १२० तासांचा. आणि १२० तास म्हणजे बरोबर पाच दिवस. वर्षातील पाच दिवस देणेही लहान गोष्ट नाही, हे मान्य. घड्याळ लावून काम करण्यात काही पापही नाही. मठांतील प्रार्थनासुद्धा घंटेवर चालते. पण घंटा प्रार्थनेसाठी वाजते. प्रार्थना घंटेच्या हिशेबासाठी होऊ लागली, की मठाधिपतीने जागे व्हावे.

पूर्वी या सेवेच्या शेवटी एक प्रमाणपत्र मिळत असे. पुढे काही ठिकाणी त्याला गुणांची जोड मिळाली. मुंबई विद्यापीठात अशा विद्यार्थ्याला दहा सवलतीचे गुण देण्याची तरतूद झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमाची जी नवी मांडणी झाली तिच्यात राष्ट्रीय सेवा योजना योग, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम यांच्या पंक्तीत सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांकांसह जाऊन बसली. विद्यार्थ्यापुढे आता पर्याय असतो: धावण्याचे श्रेयांक घ्यावेत, गाण्याचे घ्यावेत की दुसऱ्याच्या दुःखाचे घ्यावेत? महाविद्यालयाचीही कथा निराळी नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, जिला सारे ‘नॅक’ म्हणून ओळखतात, महाविद्यालयाची पारख करताना विस्तारकार्य हाही एक निकष धरते. त्यासाठी अहवाल लागतात, उपस्थितीपत्रके लागतात, स्थळ आणि वेळ उमटलेली छायाचित्रे लागतात. मग स्वच्छता मोहिमेत झाडूच्या आधी फलक येतो, आणि फलकाच्या आधी छायाचित्रकार. एका गल्लीत एकदा झाडू फिरतो. विद्यार्थ्याच्या वहीत ते तास होतात, महाविद्यालयाच्या फायलीत तो पुरावा होतो, वार्षिक अहवालात तो आकडा होतो. तीन ठिकाणी जमा! त्या गल्लीच्या नावे काय जमा झाले, हे लिहिण्याचा रकाना मी पाहिलेल्या एकाही कागदावर नव्हता. महानगरपालिकेचा जो सफाई कामगार दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गल्ली पुन्हा झाडतो त्याचे तर नावही त्या मोहिमेत कोणी विचारलेले नसते.

विदर्भातील दोन विद्यापीठांना दोन संतांची नावे आहेत, आणि त्या दोघांनीही महाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. त्याला २००५ मध्ये तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. अमरावतीचे विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचे. गाडगेबाबा गावात शिरत ते खराटा हाती घेऊन. दिवसभर रस्ते झाडायचे, रात्री कीर्तनात त्याच गावाच्या मनातील केर काढायचा आणि लोक पाया पडायला धावले की दूर व्हायचे. यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा उभारल्या, स्वतःचे असे त्यांत काही ठेवले नाही. तुकडोजी महाराजांनी बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगवास भोगला आणि १९५५ च्या ‘ग्रामगीते’त खेड्याच्या उन्नतीचा, श्रमदानाचा, सामुदायिक जीवनाचा विचार मांडला. योजना सुरू होण्याच्या एकच वर्ष आधी, १९६८ मध्ये, ते निवर्तले. त्याच सुमारास बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली होती. विदर्भातला मे महिना ज्याने अनुभवला आहे त्यालाच कळेल की त्या उन्हात कुदळ मारायला मुले गुणांसाठी जात नसत. म्हणजे आपल्या मातीत सेवेची परंपरा नव्हती आणि श्रेयांकांचे आमिष दाखवून ती आणावी लागली, असे म्हणण्यास जागा नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. वर्षअखेर जवळ आली की धर्मग्रामाच्या कचेरीत तरुण मंडळी येऊ लागतात. “फादर, एक पत्र हवे होते.” कसले? तर समाजसेवेचे. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात शिकवल्याचे, नाताळच्या गोठ्यासाठी बांबू आणल्याचे, वृद्धाश्रमात केक वाटल्याचे. गायनवृंदात गायलेले तास सेवेत धरता येतील का, असे एका मुलाने मला विचारले. मी म्हटले, “अरे, तू गायलास ते कोणासाठी?” तो गप्प राहिला, त्याची आई मात्र चटकन म्हणाली, “फादर, ते खरेच आहे हो, पण बाकीची मुले लिहून घेतात. आपलीच का मागे राहावीत?” त्या माउलीला मी दोष देत नाही. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात स्वयंसेवेचा रकाना असतो, नोकरीच्या मुलाखतीत तो विचारला जातो. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात तर शालान्त प्रमाणपत्रासाठीच ४० तासांचे समाजकार्य लागते. जगाचा बाजार असा आहे, आणि आपली मुले त्या बाजारात उभी आहेत. पण तिच्या प्रश्नातला ‘मागे’ हा शब्द मला बोचला. सेवेत पुढे कोण आणि मागे कोण, ही चढाओढ आपल्या घरात कोणी आणली?

आणली आपणच. आपल्या शाळांतील विद्यार्थी परिषदेचा पदग्रहण समारंभ आठवून पाहा. छातीवर रुंद पट्टा, बिल्ला, बॅण्डच्या तालावर संचलन, पालकांच्या रांगेतून उंचावलेले मोबाईल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्या दिवशी कोरले जाते की नेता म्हणजे ज्याला पट्टा मिळतो तो. शपथेत सेवेचा शब्द असतो, नाही असे नाही; पण पट्टा शपथेपेक्षा ठळक दिसतो. आपल्या प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला बांधला तो पट्टा नव्हता, रुमाल होता, आणि तो पाय पुसून ओला झाला होता. पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुण्याचा विधी आम्ही धर्मगुरू दरवर्षी करतो. त्याच आठवड्यात आमच्याच संस्थांतून नेतृत्व विकासाच्या निवासी शिबिरांची शुल्कासह पत्रके निघालेली असतात, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात दानधर्म गुप्त ठेवण्याची जी शिकवण आहे ती आपल्याला पाठ असते, त्यामुळे तिची धार गेली आहे. म्हणून मी लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याकडे लक्ष वेधतो. त्या दृष्टान्तात हिशेब आहे, अगदी पैशांचा आहे. शोमरोनी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो की अधिक खर्च झाला तर परत येताना मी तो चुकता करीन. हिशेब आहे, पण देण्याचा आहे, आणि तो उघडा ठेवलेला आहे. त्याने उतारशाळेच्या मालकाकडून सही-शिक्क्याचे पत्र घेतले असते, तर पुढे गोष्ट कोणी सांगितलीच नसती.

विद्यार्थ्यांनी सेवेचा मार्ग शोधण्याचे आपल्या ख्रिस्तसभेतील एक तेजस्वी उदाहरण पॅरिस शहरातले आहे. १८३२ मध्ये त्या शहरात पटकीने हजारो माणसे मेली. विद्यापीठात शिकणारा फ्रेडरिक ओझानाम हा तरुण मित्रांसह एका चर्चामंडळात श्रद्धेच्या बाजूने हिरिरीने वाद घाली. प्रतिपक्षाने एकदा त्याला खडसावले: तुमच्या धर्माने पूर्वी काय केले ते पुरे झाले, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता ते दाखवा. प्रश्न झोंबला. २३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे स्वतःच्या विसाव्या वाढदिवशी, ओझानाम आणि त्याचे मोजके सहाध्यायी एमान्युएल बायी या वडीलधाऱ्या प्रापंचिकाच्या मार्गदर्शनाखाली एकत्र जमले. तीच सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची सुरुवात. गरिबांची घरे त्यांना दाखवली रोझाली रांद्यू या धर्मभगिनीने, जी त्या दरिद्री वस्तीत कित्येक वर्षे काम करीत होती. येथे थांबून पाहण्यासारख्या काही गोष्टी आहेत. ही मुले स्वतः योजना आखून वस्तीत गेली नाहीत. वस्ती ज्या बाईला ओळखत होती तिच्या मागून गेली. जोडीने गेली, त्याच घरी पुन्हा पुन्हा गेली. सभेत वर्गणी गोळा होई ती गुप्त पिशवीत, कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळू नये म्हणून. कोणाच्या घरी काय पाहिले ते बाहेर बोलायचे नाही, हा दंडक. ओझानाम पुढे सॉरबॉन विद्यापीठात प्राध्यापक झाला, संसारी झाला, चाळिसाव्या वर्षी गेला. १९९७ मध्ये पॅरिसलाच जागतिक युवादिनाच्या वेळी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. आपल्या कितीतरी धर्मग्रामांत या सोसायटीच्या शाखा आहेत. त्यांच्या बैठकीला बसलेल्या सभासदांची वये एकदा पाहावीत. विद्यार्थ्यांनी स्थापलेली संस्था आज बहुतेक ठिकाणी निवृत्तांच्या हाती आहे, कारण तिच्याकडे देण्यासारखे श्रेयांक नाहीत.

हे सारे मला आताच का लिहावेसे वाटले, ते सांगतो. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महाल पेटला. दुपारी गांधी गेटजवळ शिवरायांच्या पुतळ्यापाशी औरंगजेबाच्या कबरीवरून निदर्शने झाली, अफवा उठल्या, आणि अंधार पडता पडता चिटणीस पार्कच्या बाजूला दगड उडू लागले. मग हंसापुरीत वाहने जळाली. शहराच्या अनेक पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. ती पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला. जखमींपैकी एकाचा २२ तारखेला मृत्यू झाला. आपला प्रायश्चित्तकाळ चालू होता, शेजारी रमजानचे रोजे होते. दोन्ही घरांत उपवास, आणि मधल्या गल्लीत दगड.

राष्ट्रीय सेवा योजनेची उद्दिष्टे काढून वाचा. आपण ज्या समाजात काम करतो तो समजून घेणे, हे अगदी पहिल्यांतले. राष्ट्रीय एकात्मता आणि सामाजिक सलोखा आचरणात आणणे, हे त्यांत आहे. आणीबाणीच्या प्रसंगांना आणि नैसर्गिक आपत्तींना तोंड देण्याची क्षमता, नेतृत्वगुण आणि लोकशाही वृत्ती, हेही आहे. उद्दिष्टांत खोट काढायला जागा नाही. त्या संध्याकाळी महालाला नेमके हेच हवे होते. गल्लीच्या दोन्ही तोंडांना राहणाऱ्यांना नावाने हाक मारू शकणारा, ‘काकू, दार लावून घ्या, बाहेर जे बोलतात ते खरे नाही’ असे मराठीतही सांगू शकणारा आणि पलीकडच्या मोहल्ल्यात ‘चाचा’ म्हणून हिंदीतही समजावू शकणारा विसाव्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी. अशा व्यक्तीवर दारे उघडतात. पण अशी व्यक्ती सात दिवसांच्या शिबिरात तयार होत नाही. तिला त्या गल्लीत दोन-तीन पावसाळे काढावे लागतात, लग्नाला आणि मयतीला जावे लागते.

शहरातील महाविद्यालये दत्तक घेतात ती बहुधा हिंगणा, कामठी, कळमेश्वर अशा तालुक्यांतील गावे. त्या गावांना गरज नाही असे कोण म्हणेल? पण योजनेच्या नियमांत शहरी वस्ती दत्तक घेण्याचीही मोकळीक आहे. मुलाला बसमध्ये बसवून तीस किलोमीटरवर न्यायचे, शाळेच्या खोलीत उतरवायचे, सकाळी प्रभातफेरी, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, आणि आठव्या दिवशी परत. त्याच मुलाला केळीबाग रोडच्या मागच्या बोळांत कोण राहते ते ठाऊक नसते. दूरचे खेडे दत्तक घेणे सोपे आहे, कारण दूरचे खेडे तुमच्याशी भांडत नाही. शेजारी भांडतो. म्हणून त्याची सेवा कठीण.

महालात ‘स्वयंसेवक’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला प्रथम एक संघटना आठवते. १९२५ मध्ये ती याच वस्तीत जन्मली. तिच्या विचारांशी आपले मतभेद आहेत आणि तो या लेखाचा विषय नव्हे. एवढेच म्हणतो की तिचा माणूस रोज त्याच मैदानावर त्याच शेजाऱ्यांत येतो, आणि हजेरीचे श्रेयांक त्याला कोणी देत नाही. ज्यांना शेजारधर्माची निराळी कल्पना मांडायची आहे त्यांनी निदान तेवढ्या चिकाटीने शेजारात राहिले पाहिजे.

आपत्तीचेही तेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले. ज्यांनी ती पहाट पाहिली ते ती विसरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी २४ सप्टेंबर, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना दिन. पाण्याने दिनदर्शिका पाहिली नव्हती. भिंतीला लागलेला चिखल, भिजलेली पुस्तके, वृद्धांची औषधे, रेशनकार्ड, हे सारे आठवड्यांचे काम असते. पहिल्या दोन दिवसांनंतर तेथे छायाचित्र निघत नाही. त्या तिसऱ्या दिवसापासूनच्या कामाला मी सेवा म्हणतो.

सेवेबरोबर नेतृत्वाचा शब्द जोडला जातो, त्याविषयी थोडक्यात सांगतो. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका संपवल्या आणि गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. निवडणुकांत गुंडगिरी शिरली होती, रक्तही सांडले होते, हे खरे आहे आणि पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला हेही खरे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांचे दार पुन्हा उघडले. २०१९ मध्ये त्या घेण्याचे ठरले, पण विधानसभा निवडणूक तोंडावर आली म्हणून पुढे ढकलल्या गेल्या, आणि मग महामारी आली. नेतृत्व विकासाच्या कार्यशाळांना मात्र खंड पडला नाही. पोहणे शिकवण्याचे वर्ग चालू आणि तलावाला कुलूप! ज्या तरुणाने कधी वर्गमित्रांकडे मत मागितले नाही, हरून घरी आला नाही, निवडून आल्यावर वसतिगृहातील नासक्या पाण्याबद्दल शिव्या खाल्ल्या नाहीत, त्याला नेतृत्वाचे प्रमाणपत्र देऊन काय साधते? तो व्यवस्थापकांना आवडेल असा मुलगा होईल. नेता म्हणजे ज्याला खालून जाब विचारता येतो तो. हा जाबच काढून टाकला, की उरतो तो पट्टा.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. श्रेयांकांच्या लोभाने का होईना, जो मुलगा कधीच वस्तीत गेला नसता तो जातो, आणि गेल्यावर त्याचे मन बदलते. असे घडते. श्रेयांकांसाठी रक्तदान शिबिरात टेबल मांडायला गेलेला मुलगा आज नियमित रक्तदाता आहे, अशी उदाहरणे माझ्यासमोर आहेत. योजनेचे कार्यक्रम अधिकारी असलेले प्राध्यापक अध्यापनाचा पूर्ण भार सांभाळून, पदरमोड करून मुलांना घेऊन हिंडतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. ईश्वराची कृपा लोभाच्या दारानेही आत येते. जक्कय झाडावर चढला तो काही पश्चात्तापाने नव्हे, कुतूहलाने. मान्य. परंतु जक्कयाला झाडावर चढल्याचे बक्षीस मिळाले नाही. त्याला खाली उतरावे लागले आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करावे लागले. आपल्या व्यवस्थेत चढण्याचे श्रेयांक आहेत, उतरण्याची अट नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशपत्रात बजावले आहे की न्यायाने जे देणे लागते ते दया म्हणून देऊ नये, दुःखाच्या परिणामांबरोबर कारणेही दूर करावीत आणि मदत घेणाऱ्याला परावलंबनातून मुक्त करावे. या कसोटीवर वही उघडली तर काय दिसते? शंभर झाडे लावल्याची नोंद दिसते, किती जगली ती दिसत नाही. साक्षरता फेरी दिसते, त्या वस्तीतील कोणती मुलगी शाळेत परतली ते दिसत नाही. नाला साफ केल्याची नोंद दिसते. तो दरवर्षी का तुंबतो हे विचारायला महानगरपालिकेच्या कचेरीत किती विद्यार्थी गेले, याला रकाना नाही. आणि तो प्रश्न विचारणे हेच खरे नेतृत्वाचे शिक्षण ठरले असते.

म्हणून माझे म्हणणे असे. विद्यापीठाला श्रेयांक द्यायचेच असतील तर ते शिकण्याला द्यावेत: वस्तीचा अभ्यास, नोंदी, निरीक्षण, त्यावरची चर्चा. श्रमाला देऊ नयेत. श्रम ऐच्छिक राहू द्यावेत, जसे १९६० मध्ये सैयदैन यांना अभिप्रेत होते. आणि तासांच्या वहीवर सही करण्याचा अधिकार केवळ प्राध्यापकाचा वा आमच्यासारख्या धर्मगुरूंचा न ठेवता, ज्यांच्या दारात काम झाले त्यांचा असावा. अंगणवाडीची ताई, मोहल्ल्यातील एखादा दुकानदार, रोज कचरा उचलणारा कामगार. त्यांनी म्हणावे की हा मुलगा आला होता, परत आला होता, याचा उपयोग झाला. किंवा झाला नाही. हा दुसरा शेराही वहीत उमटला पाहिजे.

जुन्या शहरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाने, आणि त्यांत आपल्या ख्रिस्ती संस्थांनी आधी, निदान एक तुकडी महाल, भालदारपुरा, हंसापुरी या भागांतील एखाद्या मोहल्ल्याला तीन वर्षांसाठी बांधून द्यावी. वेगवेगळ्या धर्मांची मुले त्या तुकडीत हेतुपुरस्सर एकत्र असावीत. महालात आपली घरे थोडी आहेत. दोन मोठ्या समाजांच्या मधे उभे राहण्याची सोय त्यामुळेच आपल्याला अधिक आहे, आणि ती आपण आजवर ‘आपल्याला काय करायचे’ म्हणून वाया घालवली. संचारबंदीच्या आठवड्यात कित्येक कॅथलिक घरांत हेच वाक्य ऐकू आले.

धर्मग्रामाच्या पातळीवर करता येण्याजोगी गोष्ट लहान आहे. येत्या वर्षापासून माझ्या कचेरीतून उपासनेत गायल्याचे, मंदिर सजवल्याचे वा धर्मशिक्षण दिल्याचे सेवापत्र कोणाला मिळणार नाही. प्रभूच्या घरातले काम हे घरातले काम आहे. ज्या तरुणांना काम हवे आहे त्यांनी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पुढच्या बैठकीला यावे; तेथे जोडीने घरभेटींना पाठवण्यात येईल आणि पत्र मागता येणार नाही. किती येतील ते पाहू. दोघे आले तरी एक जोडी होते.

विद्यापीठाशी बोलण्याचा मार्गही आपल्याला बंद नाही. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात. आपल्या समाजात पदवीधर मुबलक आहेत, पण त्या मतदारयादीत नाव घालण्याची तसदी आपल्यापैकी कोण घेतो? पुढील नोंदणी सुरू होईल तेव्हा रविवारच्या मिस्सेनंतर सभागृहात अर्ज भरून घेण्याची व्यवस्था करण्यात येईल. पदवीची प्रत सोबत आणावी.